उरलेल्या पत्रिकांची कमळं

लग्नपत्रिका आमच्याकडे टाकत नाहीत. तिच्यावर गणपती छापलेला असतो, त्यामुळे ती कचऱ्यात जात नाही आणि पाणी तापवायच्या बंबातही जात नाही. दुसऱ्यांच्या पत्रिकांचं सोपं असतं. गणपतीचा तुकडा कापून घ्यायचा, बाकीची रद्दीत द्यायची. पण मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या माळ्यावर आमच्याच मुलीच्या लग्नाच्या एकशे बारा पत्रिका पडून होत्या, आणि ते लग्न झालंच नव्हतं.

मुलगा उचगावचा होता. तापाचं निमित्त झालं आणि लग्नाला दोन आठवडे असताना तो गेला. तोवर निम्म्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. मी एका दूध संस्थेत हिशेबाचं काम करते, त्यामुळे कुठली पत्रिका कुठे गेली याच्या खुणा माझ्याकडे होत्या. पत्रिका गेलेल्या प्रत्येक घरी आम्ही लग्न होणार नसल्याचं कळवलं. तरी शाहूवाडीकडच्या एका म्हाताऱ्या नातेवाइकांपर्यंत निरोप पोचला नाही. ते ठरल्या दिवशी फेटा बांधून एसटीनं आले आणि थेट कार्यालयावर गेले. कार्यालय बंद होतं. दुपारपर्यंत पायरीवर बसून ते मग विचारत विचारत आमच्या घरी आले. काय झालं ते ऐकल्यावर आहेराचं पाकीट कुणाच्या हातात द्यावं हे त्यांना कळेना. ते त्यांनी देवापुढे ठेवलं, पाणीही न घेता गेले. मुलगी तेव्हा आतल्या खोलीत होती. बाहेर कोण आलं होतं, हे तिनं मला कधीच विचारलं नाही.

त्यानंतर घरात त्या मुलाचं नाव घेणं बंद झालं. कुणी ठरवलं नव्हतं. बोलताना नाव आडवं यायला लागलं की आम्ही वाक्य दुसरीकडे वळवायचो. ‘ते’ म्हणावं तर लग्न झालेलं नाही, ‘तो’ म्हणावं तर जिभेला जड जायचं. मुलीची पंचाईत तर त्याहून मोठी. साखरपुडा झालेला, बांगड्यांचं माप दिलेलं, पण तिला काय म्हणायचं त्याला शब्दच नाही. पेठेतल्या बायका तिला हळदी-कुंकवाला बोलवायच्या आणि ती दारात उभी राहिली की क्षणभर एकमेकींकडे बघायच्या.

आमच्याकडे गौरीपुढचं टेबल लहानपणापासून तिचं. बाजारातलं काही आणायचं नाही, हा तिनं तिसरी-चौथीत असताना घातलेला नियम. चिवड्याच्या पाकिटांची चंदेरी आतली बाजू, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, फुटलेल्या बांगड्या, कांद्याच्या पोत्याची लाल जाळी, साडीच्या फॉलचे उरलेले तुकडे, असं वर्षभर एका पिंपात साठवायचं आणि भाद्रपदात त्यातून काहीतरी उभं करायचं. एका वर्षी तिनं नारळाच्या करवंट्यांचे हत्ती केले होते. सोंडा सगळ्यांच्या वेगवेगळ्या लांबीच्या झाल्या. मी ते बोलून दाखवलं, तर म्हणाली, “खऱ्या हत्तींच्या तू मोजल्यास का?”

तो गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी टेबलावर नुसती धुतलेली चादर होती. दुसऱ्या वर्षी गौरी यायला आठ दिवस असताना ती शिडी लावून माळ्यावर चढली. मला वाटलं पिंप काढतेय. तिनं पत्रिकांचं खोकं खाली आणलं, पुसलं, कात्री घेतली आणि जमिनीवर बसली.

मी काय बोलणार होते? कधीतरी त्यांचं काहीतरी करायला हवंच होतं. गौरीपुढे मांडून मग मान राखून विसर्जन करावं, यात मला चुकीचं काही दिसत नव्हतं. अडचण दुसरीच होती. माझ्या थोरल्या नणंदेनं, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, मुलीसाठी एक स्थळ आणलं होतं. माणसं मूळची शाहूवाडीकडची, आता शहरातच असलेली. झालं गेलं आक्कांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. लपवायचं नाही ही माझीच अट. मुलाची आई गौरीपूजनाच्या दिवशी संध्याकाळी हळदी-कुंकवाच्या निमित्तानं येऊन मुलीला बघून जाणार होती. मुलीनंही येऊ दे म्हटलं होतं. दीड वर्षात ती पहिल्यांदा कशाला तरी ‘येऊ दे’ म्हणाली होती. ऐकलेली गोष्ट वेगळी आणि सोनेरी अक्षरात वाचलेलं नाव वेगळं. ते नाव त्या बाईंना दिसू नये, एवढंच मला हवं होतं.

“नावाची पट्टी तेवढी काढून दे,” मी तिला म्हणाले. “ती बंबात घालते. बाकीच्याची कर फुलं.”

“त्या पट्टीवर माझंपण नाव आहे, आई.”

मी तिच्या हातातून पत्रिका घेतली. वर तिचं नाव, खाली त्याचं. छापखान्यातल्या चित्रकारानं तिच्या नावाच्या शेवटच्या अक्षरातून एक वेल काढून त्याच्या नावाभोवती फिरवली होती आणि ती पुन्हा वर आणली होती. तेव्हा आम्हाला ते फार आवडलं होतं. मी दोन-तीन पत्रिका कापून पाहिल्या. कात्री कुठूनही घातली तरी त्याच्या नावाबरोबर तिचं अर्धं अक्षर जायचं, नाहीतर तिच्या नावाखाली त्याची शिरोरेघ लोंबत राहायची. जिवंत मुलीचं नाव बंबात घालायला माझा हात होईना.

तिच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’ आणि त्याच्या नावाआधी ‘चि.’ होतं. छपाईआधीचा नमुना मीच तपासला होता. काना, मात्रा, वेलांटी, तारीख, वार, मुहूर्ताची मिनिटं, सगळं दोनदा पाहिलं होतं. चुकीचं एकही अक्षर नव्हतं.

शेवटी तिनंच मार्ग काढला. पट्टी कापायची, नावं आत जातील अशी दुमडायची आणि कडा खळीनं चिकटवायच्या. बाहेरून कोरी सोनेरी पाकळी. अशा आठ पाकळ्यांचं एक कमळ. मला ते पटलं. नाव जाळायचंही नाही आणि दिसायचंही नाही.

आठ दिवस घरात कात्री चालली. त्या शाईचे सोनेरी कण कशालाही चिकटायचे. भाकरी थापताना परातीत चमकायचे, ह्यांच्या चष्म्यावर असायचे. पायाखाली काहीतरी टोचलं म्हणून पाहावं तर टाचेला एक वेलांटी चिकटलेली असायची. कुठल्या नावातली, ते मी बघत नसे. कमळं मात्र फार सुंदर झाली. गौरीला साडी नेसवून मुखवटा बसवल्यावर तिनं ती साडेतीन फुटी टेबलभर अशी मांडली, की गौर तळ्यातून वर आल्यासारखी दिसत होती. ह्यांनी फोटो काढला. मग म्हणाले, “ह्यात ते आहे, हे विसरूनच जावं असं झालंय.” तेवढंच बोलले आणि बाहेर गेले.

आवाज यायला लागला तो त्या दिवशी दुपारी. मी वाती वळत बसले होते. टक्. बांगडी फरशीवर टेकवावी तसा बारीक आवाज. थोड्या वेळानं पुन्हा. आधी मला वाटलं पाल असेल. मग लक्षात आलं, टेबलावरून येतोय. पत्रिकेचा पुठ्ठा जाड, आणि मूळचा सपाट. दुमडलेला पुठ्ठा पुन्हा सपाट व्हायला बघतो. त्यात भाद्रपदातली दमट हवा, गव्हाच्या पिठाची खळ ओली ती ओलीच. कड सुटली की पाकळी टक् करून उघडायची. उठून पाहिलं तर समोरच्याच कमळाच्या एका पाकळीच्या फटीतून ‘चि.’ दिसत होतं.

मी ती दाबून बंद केली. स्वयंपाकघरात जाईपर्यंत दुसरी उघडली. डिंक लाव म्हटलं, पिना मार म्हटलं. “गौरीच्या फुलाला पिना?” असं म्हणून मुलीनं ते उडवून लावलं. मग मी दोरीवरचे कपड्यांचे चिमटे आणून पाकळ्यांना लावून ठेवले. दुसऱ्या दिवशी पुरण शिजेपर्यंत ते तसेच होते. गौरीपुढे निळे-हिरवे चिमटे बघून मुलगी हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, “उघडतंय तर उघडू दे ना गं. कितींदा मिटशील?”

संध्याकाळी मी चिमटे काढले आणि प्रत्येक पाकळी हातानं तपासली. सगळ्या धरलेल्या होत्या.

आक्का त्या बाईंना घेऊन दिवेलागणीला आल्या. बाई अंगानं दांडग्या, आवाज मोठा. आल्या आल्या चपला काढतानाच त्यांनी पुरणाचा वास कसा छान सुटलाय ते सांगून टाकलं. मुलीकडे एकदा नीट पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. मला ते बरं वाटलं. चष्मा लावून त्या गौरीला हळद-कुंकू वाहायला पुढे झाल्या. करंड्यात बोट बुडवलं, आणि तेवढ्यात तो आवाज झाला.

त्या वाकल्या. कमळाकडे बघत त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. आधी ‘चि.’, मग त्याचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. सगळं.

दीड वर्षात आमच्या घरात ते नाव मोठ्यानं उच्चारलं गेलं नव्हतं. कुणीतरी हाक मारल्यासारखं ते खोलीत गेलं. आणि खरं सांगायचं तर माझी मान दाराकडे वळली. नुसती माझी नाही. ह्यांचीही.

दारात कुणी नव्हतं.

आक्का पटकन पुढे सरसावल्या. “जुनी पत्रिका हाय ओ ती. रद्दीतली, कुणाची तरी.”

मुलगी खिरापतीचं ताट घेऊन उभी होती. “कुणाची तरी नाही, आत्या. माझी आहे.”

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “आन् ह्यो त्योच व्हय?”

“हो. तुम्हाला सांगितलंय की.”

“सांगितलंय. नाव न्हवतं सांगितलं.” त्यांनी टेबलभर नजर फिरवली. “ह्या एकाच फुलात हाय, का समद्यात?”

“सगळ्यांत.”

बाईंनी कुंकवाचं बोट तसंच पुढे केलं आणि त्याच बोटानं ती पाकळी दाबली. बराच वेळ दाबून धरली. बोट उचललं तशी ती पुन्हा उघडली, आता नावावर कुंकू लागलेलं.

“ऱ्हाईना की,” त्या म्हणाल्या. मग वळून त्यांनी गौरीला कुंकू वाहिलं.

मी त्यांची ओटी भरली. थोडे तांदूळ खाली सांडले. त्यांनी खिरापत खाल्ली, कुठल्या गिरणीत दळता ते विचारलं आणि गेल्या. त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवून आक्का परत आल्या त्या चपला घातलेल्याच दारात उभ्या राहिल्या.

“वैनी, एवढं हिशेबाचं बघताय, ह्याचा हिशेब मला सांगा. मी जित्या माणसाचं स्थळ आणलं, आन् तुम्ही मेलेल्याला मांडून ठेवलासा.”

मुलगी सांडलेले तांदूळ वेचत होती. तिनं मान वर केली नाही.

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं. मुखवटा धुऊन फडक्यात बांधला, साडी घडी केली. कमळांचंही विसर्जन करू म्हटलं तर ती म्हणाली, असू देत. रिकाम्या चौरंगापुढे ती कमळं तशीच राहिली, आणि त्या दिवसांत मी त्या खोलीत एकटी बसायचं टाळत होते. आवाजाची भीती नव्हती. पाकळ्या आता बहुतेक सगळ्या उघडल्याच होत्या. खोलीत शिरलं की पन्नास ठिकाणांहून तेच नाव दिसायचं, आणि प्रत्येक वेळी त्याच्या वर तिचं. मला तिचं एकटीचं कुठं दिसतंय का, हे मी शोधायचे.

चार-पाच दिवसांनी आक्कांचा फोन आला. आवाज पडलेला होता. त्यांनाच विश्वास बसत नव्हता. त्या बाईंनी मुलीची पत्रिका मागितली होती.

मी फोनवर हात ठेवला आणि मुलीला तसंच सांगितलं. “पत्रिका मागतायत तुझी.”

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. “कुठली?”

ती थट्टा होती की प्रश्न, हे मला आजही सांगता येणार नाही. पूर्वी ती अशी थट्टा करायची. “जन्माची,” मी म्हणाले.

तिनं हातातली घडी पूर्ण केली. “पाठव. पण एक त्यांना आधीच सांग. पुढच्या वर्षी गौरीला ही फुलं मी माझ्याबरोबर नेणार. चालत नसेल तर आताच नाही म्हणा म्हणावं.”

मी ते आक्कांना शब्द न बदलता सांगितलं. “सांगते,” एवढंच त्या म्हणाल्या.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्या बाईंचा निरोप आक्कांनी त्यांच्याच शब्दांत दिला: “आमच्यात गौर जमिनीवर, पाटावर असती. टेबल न्हाई. करून घ्यायचं तर माप कळवा.”

मी टेप घेऊन आतल्या खोलीत गेले. टेबल मोजायचं तर कमळं बाजूला करायला हवी होती. एकेक उचलून मी जमिनीवर ठेवली, नावं वर आलेली तशीच. मग लांबी, रुंदी, उंची तिन्ही मापं घेतली, पुन्हा एकदा घेऊन पडताळली, आणि आक्कांना कळवली.