बाहेर राहिलेल्या चपला

दारावर थाप पडली आणि तेव्हाच आठवलं, चपला बाहेरच राहिल्यात! सगळ्यांच्या! आम्ही दुबईजवळ अजमानला राहतो. शुक्रवारी सकाळी आम्ही चार ख्रिस्ती बायका माझ्या हॉलमध्ये प्रार्थनेला जमतो, घरात असं जमायला इथं परवानगी नाही, म्हणून नेम असा की चपला आत घ्यायच्या, बाथरूममधल्या बादलीत, म्हणजे घरात माणसं जमलीत ते कुणाला कळायला नको. मागच्याच आठवड्यात वॉचमन सांगून गेला होता, "कंप्लेंट आया है, फिर गाना सुना तो खलास, पुलिस आएगा." पण गावाकडची सवय, चपला दाराबाहेर काढूनच आत यायचं, आणि त्या दिवशी धाकटा कडेवर रडत होता, विसरलेच मी.

दाराच्या भिंगातून बघितलं तर पांढरी दाढी. खालच्या मशिदीचे इमाम! व्हिसा जाईल, नवऱ्याची नोकरी जाईल, त्याच्या पेजरवर कळवणार तरी काय? आमच्यातल्या मंगलमावशी तेव्हा नेमकं बायबलमधलं येशूच्या शिष्यांचं, पेत्र आणि योहानाचं वाचत होत्या, त्यांना धरून मोठ्या याजकांपुढं उभं केलं ते.

"उघड गं," मावशी म्हणाल्या. "पेत्र काय दाराआड लपला?"

"पेत्राला व्हिसा नव्हता, मावशी!"

परत थाप. मी डोळे मिटले, म्हटलं प्रभू, मला धीर नाही, तुझं तू बघ, आणि कडी काढली.

इमामांचं बोट धरून माझी सोनू उभी! चार वर्षांची, अनवाणी, नाक वाहतंय. बायका आत येताना ती कधी बाहेर निसटली पत्ताच नाही, आणि आम्ही कडी लावून डोळे मिटून बसलेलो. "मम्मी, डोअर लॉक्ड!" म्हणत गळ्यात पडली. इमाम हिंदीत म्हणाले, रस्त्यावर गाड्यांमध्ये उभी होती, घर सांगता येईना, म्हणून मजल्यामजल्यावर फिरवली; इथं स्वतःची लाल चप्पल दिसली तशी ओरडली.

मग त्यांनी आत बघितलं. चटई, उघडं शास्त्र, मावशींच्या मांडीवरची खंजिरी, सगळं बघितलं. सोनूच्या डोक्यावर हात ठेवला. "चप्पल अंदर रख लो, बेटी," एवढंच बोलले आणि जिना उतरले.

मी तिथंच दारात बसून रडले. चपला बादलीत असत्या तर? मी विसरले आणि त्या विसरण्यातनंच प्रभूनं माझं लेकरू घरी आणलं, ते पण ज्यांना मी भीत होते त्यांच्याच हातानं. आता दर शुक्रवारी चपला आत घेते, सोनूची लाल जोडी तेवढी बाहेर ठेवते.

पण खरं सांगा, भिंगातून तुम्हाला नुसती दाढी दिसली असती, तर तुम्ही काढली असती कडी?