सहा मीटरच्या पुढे

भूतखेत, बाहेरचं वगैरे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. बारा वर्षं लोकांच्या संडासाच्या लाइनी तार घालून मोकळ्या केल्यावर माणूस कशाला घाबरणार? पण देवपुरातल्या एका अक्कांच्या घरी जे झालं, त्यानं माझं टाळकं अजून तापतं...

मी मूळचा भडगावचा, काम धुळ्यात. आमच्या मालकांनी, रशीदभाईंनी, पाइपात सोडायचा कॅमेरा घेतला आणि मी तो शिकायला लागलो. लांब केबल, टोकाला दिवा, हातात स्क्रीन, त्यावर किती मीटर आत गेला त्याचा आकडा; तो सुरुवातीला झिरो करायचा. कॅमेरा जिथे अडेल, तिथे वर फरशीवर खडूची खूण करायची आणि तेवढंच फोडायचं.

त्या शुक्रवारी अक्कांच्या संडासाची लाइन तुंबली होती. रशीदभाई म्हणाले, "मी नमाजला जाऊन येतो. आज निशाण तू लाव. बरोबर आलं तर उद्यापासून कॅमेरा तुझ्या हातात. चुकलं तर परत तार."

अक्कांना सगळी फरशी फुटायची धास्ती; म्हणाल्या, "बठ्ठी फरशी नको फोडजो भाऊ, नवी शे."

अंगणातल्या चेंबरमधून केबल सरसर गेली. नऊ मीटरला समोरून उजेड आला — पलीकडून कुणी दुसरा कॅमेरा सोडावा तसा. पलीकडे फक्त संडास, त्याला बाहेरून कडी. माझाच दिवा पाण्यात चमकत असेल म्हणून केबल घट्ट धरून उभा राहिलो. केबल जागची हलत नव्हती... उजेड मात्र पुढे येत होता! मग एकदम नाहीसा झाला. केबल पुढे जाईना.

केबल काढताना शिकवल्याप्रमाणे फडक्यानं पुसत आलो. तिच्यावर छापलेल्या नऊच्या आकड्यापर्यंत घाण होती. खूण तिथलीच केली.

रशीदभाई आल्यावर तीन फरश्या फोडल्या. खाली पाइप धडधाकट, रिकामा. मग त्यांनी स्वतः कॅमेरा घातला, तो सहा मीटरलाच अडला. तिथे फोडलं तर आत कडुलिंबाची मुळं अशी गच्च की बोट शिरेना!

"आकडा झिरो नहीं किया होगा तूने."

"अहो भाई, केबलवर छापलेला आकडा पाहिला मी!"

"रेकॉर्डिंग दिखा."

घाबरगुंडीत रेकॉर्डिंगचं बटण दाबायचंच राहिलं होतं. घाणीचा पुरावा होता, तो मीच पुसून बसलो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

अक्कांच्या फरशीचं ते डिझाइन आता बाजारात मिळत नाही. मी परत तारेवर. त्या मुळांतून केबल गेली कशी, उजेड कुणाचा, मला आजही सांगता येत नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा. फक्त भूत म्हणू नका, ते मलाही सुचलं होतं — रशीदभाईंना पटेल असं काहीतरी सांगा.