चार कोपऱ्यांची कुर्ली

मी चौकटी करतो. लाकडाच्या नव्हेत. मोबाइलवरच्या गेममध्ये 'खजिना सापडला' असं सांगत जो सोनेरी चौकोन टपकन उघडतो ना, त्याची नक्षीदार किनार माझी. वेबसाइटांसाठीही करतो. यातली गंमत अशी, की आत मजकूर किती येणार हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून चित्राचे नऊ तुकडे पाडायचे. चार कोपरे जसेच्या तसे राहतात, चार बाजू मजकुराबरोबर लांबतात आणि मधला तुकडा पसरतो. मोर काढायचा तर कोपऱ्यात काढायचा. चुकून बाजूवर आला, तर चौकट रुंद होताच त्याची मगर होते. माझ्या हातून अशा बऱ्याच मगरी झाल्या आहेत. देखण्या होत्या.

पूर्वी मी या कामासाठी मरोळला ऑफिसात जायचो. तिथे माझ्या मगरींना हसायला माणसं होती. मग काम घरी आलं आणि माणसं तिकडेच राहिली. मुलुंडच्या फ्लॅटमध्ये मी एकटा. माझा आवाज मला ऐकू येतो तो बहुधा संध्याकाळी, खाली टपरीवर 'एक कटिंग' म्हणताना. तेही मी नाटकातल्या राजासारखं म्हणतो. दिवसाचं एकच वाक्य, वाया का घालवा?

आमच्या सोसायटीने तळमजल्यावर लिफ्टसमोर टीव्ही लावला. पाणी कधी जाणार, गच्ची कधी बंद, असल्या सूचना त्यावर येतात. आणि रहिवाशांचे वाढदिवस. वर शुभेच्छांची पट्टी, खाली चौकट, चौकटीत नाव आणि शेजाऱ्यांनी पाठवलेल्या ओळी. ती चौकट मी हौसेने करून दिली होती, चारी कोपऱ्यांत वळणदार वेली काढून. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंचं एवढं कौतुक आलं, की चौकट पडद्याच्या कडांना जाऊन टेकली.

मग माझा वाढदिवस आला. सकाळीच सेक्रेटरींचा फोन. शुभेच्छा देऊन झाल्यावर ते जरा चाचरत म्हणाले, की पडद्यावर काहीतरी बिघडलंय, लोक फोटो काढतायत. खाली जाऊन पाहिलं. माझ्याबद्दल कुणी काही पाठवलंच नव्हतं. आत फक्त माझं दोन अक्षरी नाव. चौकट आक्रसून आक्रसून कोपऱ्यांपेक्षाही लहान झाली होती, चारी वेली एकमेकींवर चढल्या होत्या, आणि माझ्या नावावर एक सोनेरी खेकडा नांग्या पसरून बसला होता.

आमच्या धंद्यातला पहिला धडा: चौकटीची किमान रुंदी बांधून द्यायची. मी दिली नव्हती. कुणाबद्दल इतकं कमी बोललं जाईल, हे सुचलंच नव्हतं.

वर येऊन कॉम्प्युटर उघडला. दुरुस्ती दोन मिनिटांची. पण मग ऐसपैस चौकटीत माझी दोन अक्षरं बसणार, लग्नाच्या हॉलमध्ये आलेल्या एकुलत्या एका पाहुण्यासारखी. त्यापेक्षा खेकडा बरा. मला दुरुस्ती नको होती, कुणाचं तरी एक वाक्य हवं होतं. ते मागायचं कुणाकडे? शेवटी स्वतःच लिहायला बसलो. 'हसतमुख, हरहुन्नरी, मदतीस सदैव तत्पर.' वाचून पाहिलं, तर ती श्रद्धांजली झाली होती. पुसून टाकलं.

इतक्यात बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधल्या काकी, हातात भाजीची पिशवी. गुडघ्यांमुळे त्या क्वचितच खाली उतरतात, आज नेमक्या उतरल्या होत्या, आणि आमचं बोलणं आजवर 'पाणी आलं का'च्या पलीकडे गेलं नव्हतं.

"वाढदिवस तुझो, आणि थंय कुर्ली कित्याक रे?"

कुर्ली म्हणजे तो खेकडा. मी त्यांना खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. नऊ तुकडे, कोपरे, मजकूर. लागतं तेवढं सांगितलं, आणि मग लागत नव्हतं तेही सांगितलं. मगरीसुद्धा दाखवल्या. काकी पिशवी मांडीवर धरून ऐकत होत्या. म्हणजे चौकटीत कुणीतरी काहीतरी बोलायला हवं, एवढं त्यांनी त्यातून बरोबर उचललं. थोडा विचार केला.

"लिही. लिफ्टचा दार नीट लायता."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"बाकीचे उघडा टाकून जातत. सांजवेळी दाराचो आवाज इलो की माका समाजता, हो इलो घराक."

म्हणजे रोज माझं परतणं कुणीतरी ऐकत होतं. मी घाईने कीबोर्डकडे वळलो. 'लिफ्टचं दार नेहमी नीट लावतात,' असं लिहिलं, खाली काकींचा फ्लॅट नंबर टाकला. चौकट हलली. वेली एकमेकींच्या अंगावरून उतरल्या आणि आपापल्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. काकी म्हणाल्या, कुर्ली गेली ती बरी झाली, आणि भाजी निवडायला निघून गेल्या.

त्या संध्याकाळी चहा पिऊन वर आलो आणि लिफ्टचं दार लावलं. जरा जोरातच लावलं.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर नवी सूचना होती: कृपया लिफ्टचं दार आपटू नये, वरच्या मजल्यावरून तक्रार आली आहे. सूचनेलाही माझीच चौकट. मजकूर लांबलचक असल्याने छान उघडली होती.