सौद्याची चिमूट

डाव्या पायाचा अंगठा काळा पडायला लागला तेव्हा मी सगळा दोष चपलेला दिला. चप्पल बदलली. मग दोष थंडीला दिला, मग मळ्यातल्या ओल्या सरीला. स्वतःला सोडून जगातल्या प्रत्येक वस्तूवर आळ घेण्यात मी आमच्या वलगावात पहिला नंबर काढला असता. शेवटी नखाच्या कडेला जखम झाली, ती काही भरेना. झेंडूच्या दोन ओळी चालून झाल्या की पोटरी अशी आवळायची की मला बांधावर बसावं लागायचं. तेव्हा बायकोने मला धरून अकोल्याला नेलं.

तिथले डॉक्टर रक्तवाहिन्यांचे. त्यांनी माझ्या पावलावर दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ काही शोधत राहिले. मला वाटलं, यांना झोप लागली.

"इथे ठोकाच लागत नाही," ते म्हणाले. "बीडी किती?"

"एक बंडल." रोजची दीड होती. बायकोने माझ्याकडे बघितलं.

"तंबाखूने पायाच्या नसा बंद होत चालल्यात. सोडलीत तर पाय राहील. नाही सोडलीत तर आधी अंगठा जाईल, मग पाऊल, मग इथून." त्यांनी माझ्या गुडघ्याखाली तळहाताची कड टेकवली. "आणि तंबाखू म्हणजे कुठल्याही रूपातली. समजलं?"

मी हो म्हणालो. मला समजलं होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते माझ्या कानांचा दोष होता असं कुणी म्हणू नये.

चघळायच्या गोळ्या आणि चिकटपट्ट्या मिळतात हे मी ऐकून होतो, पण त्यांतही निकोटीन असतं, तुमच्या पायाला तेही नको, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी वेगळ्या गोळ्या लिहून दिल्या. पहिला आठवडा गोळी आणि बीडी दोन्ही चालू, आठव्या दिवशी बीडी बंद. गोळी भरल्या पोटी घ्यायची, वर पेलाभर पाणी. पहिल्या दिवशी मी शहाणपणा करून उपाशीपोटी घेतली आणि बाजारात फुलांच्या टोपलीशेजारीच ओकलो. दुसऱ्या दिवसापासून बायको भाकरीचा शेवटचा घास पोटात गेल्याशिवाय गोळी हातात देईना. स्वप्नं तर अशी पडायची की विचारू नका. एकदा सगळा मळा पेटला होता आणि मी आगीतून बीडी पेटवून घेत होतो.

आठव्या दिवशी बीडी बंद केली. गोळीमुळे चटक खरंच निम्मी झाली होती, हे मी मान्य करतो. पण चटक तोंडाची असते तशी हाताचीही असते. विशीपासून ज्या दोन बोटांत बीडी होती ती बोटं आता खिशात, कानामागे, पुन्हा खिशात भटकायची. डोकं सतत तापलेलं. वरणात मीठ कमी म्हणून मी ताट असं ढकललं की ते ओट्यापर्यंत गेलं.

बायकोने ताट उचललं. "बीडी तुमी सोडली अन् धूर आमच्यावर काढून राहिले," ती म्हणाली. मग आत जाऊन सुई-दोरा घेऊन आली आणि शेवंतीची टोपली माझ्यापुढे ठेवली. "हात रिकामे हायेत म्हणून तोंड चालून राहिलं. घ्या, ओवा."

आमच्या घरांमध्ये फुलं तोडावी दोघांनी, विकावी पुरुषांनी आणि ओवावी बायकांनी. मी दार लावून ओवायला बसलो. पहिला हार तिरपा झाला, तिसरा बरा झाला. जेवण झालं की बडीशेप तोंडात टाकायची आणि स्टॅंडपर्यंत चालायचं, पोटरी आवळली की थांबायचं, सुटली की पुन्हा चालायचं. हेही डॉक्टरांनीच सांगितलेलं. बीडीशिवाय महिना गेला. मला स्वतःचा अभिमान वाटायला लागला होता, आणि तो खोटा आहे हे मलाच ठाऊक होतं.

आता त्या चिमटीबद्दल.

अमरावतीच्या आमच्या फुलबाजारात भाव तोंडाने ठरतो आणि खर्ऱ्याने पक्का होतो. घेणारा खिशातून प्लास्टिकची पन्नी काढतो, सुपारी, तंबाखू आणि चुना तळहातावर रगडतो आणि पहिली चिमूट विकणाऱ्यापुढे धरतो. ती घेतली की सौदा झाला. नाही घेतली तर भाव पटला नाही असा अर्थ होतो, आणि घेणारा पुढच्या टोपलीकडे जातो. सकाळच्या बाजारात माझे तीन-चार सौदे व्हायचे. बीडी मी ओढत होतो, ती सोडली. खर्रा मी कुठे खात होतो? ती तर बाजाराची रीत होती, माझं व्यसन नव्हतं. असा हिशेब मी मनाशी केला. घरी पोचायच्या आत बसथांब्यावरच्या नळावर चूळ भरायचो आणि वर बडीशेप खायचो. ज्याला खरंच रीत वाटते तो चूळ कशाला भरेल?

महिन्याने पुन्हा अकोल्याला गेलो. डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि त्यांचा चेहरा उतरला. काळेपणा नखावरून खाली सरकला होता.

"बीडी?"

"एक बी नाई, साहेब," मी म्हणालो.

बायकोने पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून टेबलावर ओळीने मांडली. "एक दिवस बी चुकले नाईत," ती म्हणाली. "बाजारातून आले की यायच्या सदऱ्याचा वास घेऊन राहिली मी रोज. यायनं तंबाखूले हात लावला नाई. लिहून घ्या माह्या नावानं."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे. "तंबाखू पूर्ण बंद असून हे असं वाढत असेल," ते हळू बोलत होते, "तर नुसता अंगठा काढून भागणार नाही. पावलाचा विचार करावा लागेल."

बायकोने माझा दंड घट्ट धरला. तिला वाटलं मला आधार हवाय. मला खरं तर पळायचं होतं. माझा पाय कुठून कापायचा हे तिच्या साक्षीवरून ठरत होतं आणि ती साक्ष खोटी होती. मी गप्प राहिलो असतो तर तिची लाज राहिली असती आणि माझं पाऊल गेलं असतं. भीती कशाची जास्त वाटली ते मला आजही नीट सांगता येत नाही.

"साहेब," मी म्हणालो, "खर्रा खातो."

माझ्या दंडावरचा तिचा हात निघाला.

डॉक्टर रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी बेत बदलला. अर्धा अंगठा काढायचा, गोळ्या चालू ठेवायच्या आणि जखम भरते का ते बघायचं. भरली तर तिथेच थांबू, नाही भरली तर वर जावं लागेल. "आता एक चिमूटही नको," ते म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी माझ्याकडे नाही, बायकोकडे बघून म्हटलं.

अर्धा अंगठा अकोल्यातच राहिला. परतीच्या बसमध्ये बायको खिडकीकडे तोंड करून बसली. मूर्तिजापूर मागे पडलं. बडनेऱ्याच्या अलीकडे ती म्हणाली, "मी त्या डॉक्टरसमोर तुमच्यापायी खोटी पडली." एवढंच. मला पायापेक्षा ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने सदऱ्याचा वास घेणं सोडलं. मी बाहेरून आलो की ती दारात उभी राहायची आणि म्हणायची, "आ करा." पन्नाशीचा माणूस मी, जावई यायच्या वयाचा, आणि शाळेतल्या पोरासारखा दारात तोंड उघडून उभा. संताप यायचा. पण तोंड उघडायचो.

जखम भरायच्या आतच दसरा आला. झेंडूवाल्याला दसरा चुकवता येत नाही. सगळं वर्ष त्या दोन दिवसांसाठी असतं. पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधून मी टेम्पोत बसलो. बायको म्हणाली, "जा," आणि आत गेली. सोबत येते म्हणाली असती तर सोपं झालं असतं.

बाजार नुसता केशरी झाला होता. तीस वर्षं माझा माल घेणारा माझा दोस्त आला, टोपल्यांमध्ये कोपरापर्यंत हात घालून फुलं तपासली, भाव बोलला. चांगला भाव होता. मी मान हलवली. त्याने पन्नी काढली, रगडलं आणि चिमूट माझ्यापुढे धरली.

"मी तंबाखू सोडली," मी म्हणालो.

"हे कुठं तंबाखू हाय बे? सौदा हाय हा. घे न."

चुन्याचा वास नाकात गेला आणि तोंडाला पाणी सुटलं. आजूबाजूचे चार जण बघायला लागले होते. माझा हात वर आला. खोटं कशाला बोलू, तो अर्ध्यापर्यंत वर आला होता. घरी बायको दारात उभी राहून 'आ करा' म्हणेल, हे डोळ्यांपुढे आलं आणि तोच हात मी खाली नेऊन पायावरची पिशवी सोडली. पट्टी बांधलेलं पाऊल टोपलीच्या काठावर ठेवलं.

"हा अंगठा सौद्यातच गेला, गड्या. आता याच्यापुढे द्यायले माह्याजवळ काई नाई."

तो पायाकडे बघत राहिला. चिमूट तशीच बोटांत. मला वाटलं तो ती टाकून देईल. त्याने ती स्वतःच्या तोंडात टाकली आणि पुढच्या टोपलीकडे निघून गेला. त्याच्या मागे बाकीचेही गेले. रीत मोडणाऱ्याशी कुणाला सौदा नको होता.

भर दसऱ्याला सगळा माल माझ्यापुढे पडून होता. बोटं खिशात जात होती. खिशात बायकोने घातलेला सुई-दोरा होता. मी भर बाजारात, पुरुषांच्या गर्दीत, मांडी घालून हार ओवायला बसलो. "बाईचं काम करून राहिला बे," कुणीतरी हसलं. हसू दे. दुपारपर्यंत शहरातली माणसं माझ्यापुढे उभी राहिली. त्यांना तयार हार आणि तोरणं हवीच होती. सगळा माल गेला नाही, बराच गेला.

घरी पोचलो तेव्हा बोटं सुईने भोसकून निघाली होती. बायको दारात उभी होती. "आ करा." मी केला. तिने वास घेतला, मग माझे हात हातात घेऊन बोटं बघितली आणि हळद आणायला आत गेली.

जखम भरली. दिवाळीनंतर अकोल्याच्या डॉक्टरांनी पावलावर दोन बोटं ठेवून म्हटलं, "इथेच थांबू." गोळ्या नंतर बंद झाल्या. दोस्त पुन्हा माल घेतो. भाव पटला की माझ्या हातावर टाळी देतो, मग बाजूला जाऊन आपली पन्नी काढतो.

परवा बाजारातून आलो तर बायको फोनवर लेकीशी बोलत होती. मला बघून तिने नुसती मान हलवली आणि बोलत राहिली. मी पायरीवर थांबलो. ती बोलता बोलता वळली तर मी दारात तोंड उघडून उभा होतो.