शुभाताईची उलटी शर्यत

शुभाताई गेम जिंकली की तिचं तोंड पडायचं. मोबाइलच्या पडद्यावर फटाके फुटत, नाणी खणखणत, आणि ही भुवया आक्रसून म्हणे, "यात काहीतरी गडबड आहे." नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नाशिकहून उज्जैनला आलो आणि नानाखेड्याच्या कॉलनीत तिच्या शेजारी राहू लागलो. मी विरजण मागायला गेले, तर पन्नाशीची, वीज कार्यालयात नोकरी करणारी, एकटी राहणारी ही बाई सोफ्यावर मांडी घालून मोटारींची शर्यत खेळत होती आणि पहिली आल्याबद्दल चिडली होती.

"नवे गेम माणसाला पटवतात," हे तिचं ठाम मत. "रोज गिफ्ट काय, बोनस काय! मी याची कोण लागते? आणि गाडी पळवायला याला माझ्या फोनमधले सगळ्यांचे नंबर कशाला पाहिजेत, सांग?" शर्यतीतल्या इतर खेळाडूंवर तर तिची खास नजर असे. कुणी राहुल शेवटच्या वळणावर नेमका मागे पडला की फोन माझ्या नाकासमोर यायचा. "हा माणूस नाहीच, मेधा. इतक्या सभ्यपणे कोण हरतं?" नव्या गेममधलं गवत मात्र फर्स्टक्लास हलतं, एवढं ती मान्य करायची.

तिचा जीव होता टीव्हीला जोडायच्या जुन्या गेमवर. फ्रीगंजच्या बाजारातून कधीकाळी आणलेला तो डबा तिने प्राणापलीकडे जपला होता. कॅसेट काढायची, तिच्यात फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. "खड्ड्यात पडलात, मेलात. खतम! उगाच शाब्बास म्हणत नाही हा." पण मी कौतुकाने मान डोलावली की तिथेही तिची शंका तयार. "हे पण काही साधुसंत नव्हते हं. कॅसेटवर लिहिलं हजारो गेम, आत निघाले चार. तेच रंग बदलून बदलून!" तिच्याबरोबर खेळून खेळून मलाही त्या डब्याची गोडी लागली.

मग तिला अर्धांगाचा हलका झटका आला आणि डावा हात लुळा पडला. व्यायाम सुरू झाले, हळूहळू बोटं हलू लागली. इंदूरचा थोरला भाऊ तिच्यासाठी खोली रिकामी करून बसला होता. दिवाळीनंतर न्यायला येतो, असं सांगून गेला. भाऊ प्रेमळ, वहिनी भली. पण शुभाताईला स्वतःचं घर सोडायचं नव्हतं. तिथे एकटीने राहता येईल की नाही, हे सगळं त्या हातावर होतं, आणि हाताबद्दल आपल्याला कुणी खरं सांगतंय यावर तिचा विश्वास नव्हता. "तो व्यायामवाला मला 'बढिया, मॅडम, बढिया' म्हणतो. शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही बढियाच म्हणून राहिला होता, आणि तिचं तर बोटही हलत नव्हतं! हा पण नव्या गेमचाच भाऊ."

जुन्या गेममध्ये दोघींनी एकमेकींविरुद्ध खेळायची एक शर्यत होती. रिमोटवर गाडी वळवायचं बटण डाव्या अंगठ्याखाली. एका दुपारी तिने मला हरवलं. मी आनंदाने ओरडलेच. तिने रिमोट शांतपणे खाली ठेवला.

"मुद्दाम हरलीस."

"अगं शप्पथ, नाही!"

"शपथ पण घेशील तू. मला बरं वाटावं म्हणून."

मी खरोखर हरले होते, पण ते पटवायचं कसं? मला तिचा भयंकर राग आला. माणसाने इतकंही संशयी असू नये.

दुसऱ्या दिवशी तिनेच हाक मारली. दोन्ही रिमोट पुसून ठेवले होते. "शर्त लावू. तू जिंकलीस तर मी इथेच राहीन. मी जिंकले तर सामान बांधून दादाकडे."

"हे उलटं होतंय, ताई."

"उलटंच पाहिजे. आता दाखव तुझी माया."

मी हादरले. ती जायला नको होती मला. या परक्या गावात घराबाहेर माझं हक्काचं माणूस तेवढं एकच होतं. मी दात-ओठ खाऊन खेळले. एका वळणावर तिच्या गाडीला धक्काही मारला. तिची गाडी डगमगली, सावरली, आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर माझ्या पुढे निघून गेली. शर्यत संपली तेव्हा मी ढसाढसा रडत होते.

शुभाताईने माझं रडणं नीट निरखलं. मग तिने डावा अंगठा वर करून दोन-तीनदा वाकवला. "मतलब, हात चालतोय," ती हलकेच म्हणाली. त्याच हाताने फोन उचलून तिने इंदूरला लावला. "दादा, ती खोली भाड्याने देऊन टाक. मी येत नाही."

"आणि शर्त?" मी डोळे पुसत विचारलं.

"कसली शर्त? तुझ्याकडून खरं खेळवून घ्यायचं होतं, बस."

मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिच्याच खांद्यावर पुन्हा रडले.

त्यानंतर शेवटपर्यंत ती त्याच घरात राहिली. मला तिने पुढेही पुष्कळदा हरवलं, पण त्या शर्तीच्या दिवसासारखी जीव तोडून मी पुन्हा कधी खेळले नाही. तिला ते कळत असणार. तरी तिने एकदाही विचारलं नाही.