घोट्याची पकड

आठवडाभर मी नागापूरच्या कारखान्यात लेथवर असतो आणि रविवारी कबड्डीच्या मैदानावर समालोचनाचा माईक धरतो. सामने मोबाईलवर थेट दिसतात. जीभ तिखट म्हणून आयोजक मलाच बोलावतात, आणि याची मला घमेंडही होती.

शेवगावकडच्या एका सामन्यात डाव्या कोपऱ्यातल्या मुलीनं चढाईला आलेल्या पोरीचा घोटा असा धरला की ती जागची हलली नाही. मी म्हणालो, "हिच्या तावडीतून सुटायला होणाऱ्या नवऱ्याला पोलीस बोलवावे लागतील!" मैदान हसून लोळलं. दुसऱ्या दिवशी तेवढाच तुकडा गावोगावच्या मोबाईलवर फिरत होता.

पंधरवड्यानं तिच्या वडिलांचा फोन आला. "सायेब, तवा मी बी हसलो, खोटं कशाला बोलू? पन आता पोरगी रस्त्यानं निघाली की टवाळ पोरं 'पोलीस बोलवा' म्हनून वरडत्यात. ती म्हनती, घोटा धरनारच न्हाई. आन तिचा सगळा खेळ त्यातच हाय."

"अहो, गंमत होती. पुरुषांचीही खेचतो मी," असं म्हणून मी फोन ठेवला, आणि मग काही केल्या चैन पडेना. जुने सामने लावून ऐकले. पुरुषांची खेचली होती ती खेळावरून. बायकांच्या खेळाबद्दल शब्द नाही. लग्न, वेणी, पोळ्या, एवढंच. स्वतःचाच संताप आला. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तसाच गार झाला.

भिंगारच्या सामन्यांतून जिल्ह्याचा संघ निवडणार होते. माईक माझ्याकडेच होता आणि डाव्या कोपऱ्यात तीच. चढाईवाली अगदी तिच्या पुढ्यात पाय टाकून गेली. तिचे हात पुढे आले आणि मागे गेले. "धर की!" प्रशिक्षक ओरडला. पुन्हा पाय आला, पुन्हा तेच.

मला बसवेना. उभा राहून माईकवर म्हणालो, "या मुलीबद्दल मी मागे जे बोललो, ते चुकीचं होतं. मी तिची माफी मागतो."

लोक क्षणभर थांबले, पुढचा टोला कधी येतो याची वाट बघत. "सायबाला बायकोनं झापलेलं दिसतंय!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळं मैदान हसलं. मी "खरंच सांगतोय" म्हणालो, तर आणखी हसले. त्या गदारोळात प्रशिक्षकानं बदली मागितली आणि ती मान खाली घालून बाहेर निघाली.