पडण्यात मुरलेला रोनिन

हिरोए कुसुमोतोला लहानपणापासून मारामारीचं वेड. स्वतः तिनं आयुष्यात कुणाला चापट मारली नव्हती, आणि घरात झुरळ निघालं तर ती स्टुलावर चढून बसायची; पण कोण कुणाला भारी पडेल हा हिशेब तिच्या डोक्यात कायम चालू. क्योतोतल्या उझुमासात, ट्रामच्या रस्त्याला लागून, तिचं वडिलांपासून चालत आलेलं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक आरशासमोर फ्रेम लावून बघेपर्यंत हिनं मनातल्या मनात त्याच्या हाती तलवार दिलेली असायची. हा जाडा चालीला मंद, पण याचा एक फटका बसला तर समोरचा परत उठायचा नाही. ही आजी दिसते काटकुळी, पण हिला धरून दाखवा.

पन्नाशी उलटल्यावर तिनं हे सगळं टेबलावर मांडायचं ठरवलं. पुठ्ठ्याच्या पटावर एक जुनी गल्ली, एका अंगाला कालवा, त्यात पडला तो बाद, आणि गल्लीत एकमेकांना भिडणारे लढवय्ये. प्रत्येकाची लाकडी सोंगटी आणि प्रत्येकाचं एक पान. पानावर त्याचा दम किती मण्यांचा, फटका किती जोराचा, चाल किती घरांची, आणि फक्त त्यालाच जमणारा एक हातखंडा डाव. एवढं करायला फार अक्कल लागत नाही. अवघड असतो तो त्यांच्यातला तोल. एक जरी दुसऱ्यापेक्षा थोडा जादा झाला, तरी सगळे त्यालाच उचलतात आणि बाकीचे डब्यात पडून राहतात. डब्यात पडून राहणाऱ्यांची हिरोएला फार दया यायची. त्यामुळे रोज दुकान बंद करून ती कुणाचा एक मणी काढ, कुणाला एक घर वाढवून दे, असं करत बसायची, आणि एकाला वर उचललं की दुसरा खाली जायचा.

दर रविवारी दुपारी हा खेळ तपासायला मंडळी जमायची ती शेजारच्या तोकुजी इनुई यांच्या कॉफीच्या दुकानात, वरच्या खोलीत. मंडळी म्हणजे दोघंच. एक शिराई, सिटी बसचा ड्रायव्हर, खेळात कुणाला दयामाया न दाखवणारा. दुसरी त्सुयुको, बालवाडीच्या बाई, गोड बोलून गळा कापण्यात पटाईत. तोकुजींना सगळे तोकुसान म्हणायचे. ते खालून जाड आमलेटाचं सँडविच आणि भाजक्या पानांचा चहा घेऊन यायचे आणि मग तिथंच रेंगाळायचे.

तोकुसानांनी चाळीस वर्षं सिनेमाच्या स्टुडिओत काढली होती. काम एकच, मरायचं. नायक तलवार उपसतो आणि दहाबारा जण धडाधड कोसळतात, त्यातले एक तोकुसान. कधी जिन्यावरून, कधी कालव्यात, कधी कागदी दार फाडून. कॉफीचं दुकान बायकोनं चालवलं. ती गेल्यावर यांनी मरणं सोडलं आणि आमलेट शिकले. चाळीस वर्षांत एकदाही जिंकलो नाही, हे ते अगदी हसत सांगायचे. हिरोएला त्यांनी दुपट्यात असल्यापासून पाहिलेलं.

त्यांच्या सत्याहत्तरीला हिरोएनं त्यांना भेट दिली ती आठव्या लढवय्याची. बिनधन्याचा, फाटक्या कपड्यांचा म्हातारा सामुराई. लांबट चेहरा, मोडकं नाक, हुबेहूब तोकुसान. पानावर नाव फक्त ‘रोनिन’. तोकुसानांनी सोंगटी उलटसुलट करून पाहिली, चष्मा पुसला आणि म्हणाले, यात तरी जिंकतो का बघू. त्या दिवसापासून ते खेळायला बसू लागले, अर्थात रोनिन घेऊन.

आणि जिंकले. पहिल्या रविवारी जिंकले, दुसऱ्या रविवारी जिंकले, तिसऱ्याही. हिरोएला आनंद झाला, पण खेळ बनवणारी म्हणून तिनं लगेच पानांवरचे आकडे पुन्हा तपासले. रोनिन फार भारी झाला होता. जानेवारीअखेर पानं छापखान्यात द्यायची होती आणि मार्चमध्ये ओकाझाकीच्या सभागृहातल्या खेळांच्या जत्रेत तिनं टेबल घेतलं होतं. असा एक्का घेऊन जत्रेत गेलं तर लोक हसतील. तिनं मन घट्ट करून रोनिनचा एक मणी काढला. तोकुसान जिंकले. तिनं फटका कमी केला. तोकुसान जिंकले. चाल एका घरावर आणली, हातखंडा डाव पुसून टाकला; आता रोनिन असा झाला होता की फुंकर मारली तरी आडवा व्हावा. तरी तोकुसान जिंकतच होते. फरक इतकाच की शिराईला आताशा घाम फुटायचा आणि त्सुयुको विचार करायला फार वेळ घ्यायची. हिरोएला वाटे, बिचारे किती मनापासून लढतायत.

त्या रविवारी शिराईचा पैलवान रोनिनच्या पुढ्यात उभा होता. रोनिनकडे एकच मणी उरलेला. शिराईनं नुसता फासा टाकायचा होता. त्यानं फासा उचलला, खिडकीबाहेर ट्राम गेली तिकडे पाहिलं, आणि पैलवानाला वळवून दोन घरं मागे नेलं.

तोकुसानांनी चहाचा कप खाली ठेवला.

“शिराई, तलवार अंगाला लागायच्या आधी गुडघा वाकवायचा नसतो,” ते म्हणाले. “स्टुडिओत असा पडला असतास तर दिग्दर्शकानं तुला घरी पाठवलं असतं. आणि त्सुयुकोबाई, तुम्ही मागच्या रविवारी पाठ फिरवलीत. तेही जमलं नाही हो. पडणारा माणूस पाठ फिरवतो ती घाबरून. तुम्ही तर पिशवीत काहीतरी शोधायला वळल्यासारख्या वळलात.”

सोनारानं कान टोचलेले बरे म्हणतात, पण शिराईचे दोन्ही कान लाल झाले होते. म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच घरात, त्याचंच सँडविच खाऊन हरवायचं कसं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

“पहिल्यांदा जिंकलो ना, तेव्हा बायकोच्या फोटोपुढे जाऊन सांगितलं मी,” तोकुसान म्हणाले. “दुसऱ्या खेपेला कळलं, तुम्ही मुद्दाम हरताय. आता तिला परत जाऊन काय सांगू? चाळीस वर्षं मी पडलो आणि समोरच्याला वाटायचं की आपण जिंकलो. त्या फसलेल्या नायकाचं तोंड घेऊन मला बसवू नका.”

ते रागावले नव्हते, हेच हिरोएला जास्त लागलं. सगळ्यात मोठी लाज तिला स्वतःची वाटली. दिसतंय का असं विचारलं तर क्योतोचा माणूस आंधळा असला तरी दिसतंय म्हणतो, हे तिच्या बापानं तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. म्हणून दुकानात ती कधी विचारायची नाही. अक्षरं वाचून घ्यायची. आणि इथं मात्र सगळं छान चाललंय ना, असं विचारत राहिली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पुढच्या रविवारी तिनं सोंगट्यांच्या जागी बाटल्यांची सारखी बुचं आणली आणि पानं आणली ती बिनचित्रांची, बिननावांची, नुसत्या आकड्यांची. नंबर तेवढे नव्यानं घातलेले, आणि कुठला नंबर कोणाचा हे तिच्या एकटीच्या डोक्यात. आता भीड धरायची तरी कुणाची? शिराईनं हाती आलेल्या बुचांचा असा काही फडशा पाडला की त्यातून त्याची आठवड्यांची भूक दिसली. पाच नंबर सगळ्यांच्या हातात हरला. शिराईच्या हातात हरला, त्सुयुकोच्या हातात हरला, तोकुसानांच्या हातात तर निघताक्षणी हरला. शेवटी त्सुयुको म्हणाली की हा कोण भिकारी आहे, याला काढूनच टाका. हिरोएनं सांगितलं कोण ते. त्सुयुकोनं तोंडावर हात ठेवला, आणि तोकुसान मात्र पोट धरून हसले.

काढून टाकायचा नाही, हे हिरोएनं तिथंच ठरवलं. आणि काढलेले मणी परत देऊन लाड करायचा नाही, हेही. ती दुसऱ्या दिवशी तोकुसानांकडे गेली आणि सरळ विचारलं, पडणाऱ्याच्या हातात असतं तरी काय?

तोकुसानांनी खुर्च्या बाजूला सारल्या. तिच्या हाती झाडू दिला आणि मार म्हणाले. तिनं भीतभीत झाडू फिरवला. तोकुसान लागल्यासारखे झाले, वळले, तिच्या बाहीला जेमतेम स्पर्श करत खाली गेले, आणि हिरोए बघते तर मघा दारापाशी उभी असलेली ती आता साखरेच्या कपाटाला टेकली होती.

“नायक कुठं उभा राहील ते पडणारा ठरवतो, पोरी,” ते जमिनीवरून म्हणाले. “नाहीतर त्याच्या तोंडावर उजेड कसा पडणार? आता मला हात दे, कंबर धरली.”

हाच रोनिनचा डाव झाला. त्याच्यावर घाव घालणारा शेजारच्या कुठल्या घरात जाऊन उभा राहील ते रोनिन ठरवणार. पहिल्या दिवशी त्यानं सगळ्यांना कालव्यात बुडवलं, म्हणून हिरोएनं अट घातली की प्रत्येक वेळी स्वतःचा एक मणी जादा द्यावा लागेल. पुन्हा बुचं, पुन्हा नंबर. हळूहळू पाच नंबर कधी हरू लागला, कधी जिंकू लागला, आणि शिराई त्याच्यासाठी हात पुढे करू लागला. पानं छापखान्यात गेली. तोकुसान त्या दिवसांत बऱ्याचदा हरले आणि दर वेळी शिराईला जास्तीचं आमलेट मिळालं.

जत्रेत हिरोएच्या टेबलाशी ओत्सूहून आलेली एक चष्मेवाली तरुणी थांबली. तिला ना तोकुसान माहीत, ना त्यांचे सिनेमे. तिनं आठही पानं वाचली आणि रोनिन उचलला, हा गमतीचा आहे म्हणाली. तोकुसानांना समोर बसायचं होतं. त्यांनी उरलेल्यांतला सगळ्यात देखणा तलवारबहाद्दर घेतला. आयुष्यात पहिल्यांदा ते नायक झाले होते आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं. ते जोरात खेळले. रोनिनवर घावामागून घाव घातले, आणि प्रत्येक घावाला तो फाटका म्हातारा त्यांना एकेक घर कालव्याकडे नेत राहिला. शेवटी रोनिनकडे एक मणी उरला आणि नायक पाण्यात पडला. तोकुसानांचा हात पटाला लागला, फासा टेबलाखाली गेला, तो उचलताना त्यांचं डोकं आपटलं.

तरुणीनं दोन डबे विकत घेतले, एक भावासाठी, आणि ती पुढच्या टेबलाकडे गेली. हिरोएला राहवेना. ती खाली वाकली आणि हळूच म्हणाली, “तोकुसान, खरं सांगा. मुद्दाम नाही ना पडलात?”

तोकुसान डोकं चोळत होते. डोळे मात्र असे चमकत होते की तिला उत्तर आधीच कळलं.

“छे गं,” ते म्हणाले. “मुद्दाम पडलो असतो तर असा पडलो असतो का?”